हेरिटेज फेस्टिव्हल: वीस मिनिटं आणि एक टेबल

प्रेषक: शिल्पा (सांस्कृतिक समिती)
रविवार, 12 मे 2024, रात्री 9.40

नमस्कार मंडळी,

आज एडमंटनच्या हेरिटेज फेस्टिव्हलमधल्या इंडिया पॅव्हिलियनच्या, म्हणजे भारताच्या तंबूच्या, बैठकीला जाऊन आले. फेस्टिव्हल नेहमीप्रमाणे ऑगस्टच्या लाँग वीकेंडला, 3, 4 आणि 5 तारखेला. जागा गेल्या वर्षीचीच, बोर्डन पार्क आणि एक्झिबिशन लँड्स. नेहमीच्या हॉरेलाक पार्कच्या दुरुस्तीचं काम संपेपर्यंत नदीकाठची हिरवळ विसरायची. एलआरटीचं (शहरातल्या रेल्वेचं) कोलिसियम स्टेशन मात्र अगदी लागून आहे, म्हणजे पार्किंगची रडारड नाही.

आपल्या मराठी मंडळाला रविवारी दुपारी स्टेजवर 20 मिनिटं मिळालीत आणि खाण्याच्या तंबूत एक टेबल. पदार्थ एकच. स्टेजवर काय करायचं आणि टेबलावर काय ठेवायचं ते शुक्रवारपर्यंत कळवा. "तुम्ही ठरवाल ते" असं कृपा करून कळवू नका, हात जोडते.

शिल्पा

---

प्रेषक: मंदार
सोमवार, 13 मे, सकाळी 7.15

शिल्पाताई, तुमच्या धावपळीबद्दल आभार. राग तुमच्यावर नाही.

पण 20 मिनिटं आणि एक टेबल? लग्नात लांबच्या पाहुण्यांना कोपऱ्यातल्या खुर्च्या देतात, तसं झालं हे. तीन वर्षं बघतोय. लोक येतात, बटर चिकन घेतात, भांगडा बघतात, हातावर मेंदी काढून घेतात आणि "आम्ही इंडिया पाहिला" म्हणत पुढच्या तंबूकडे जातात. 2011 च्या जनगणनेत महाराष्ट्राची लोकसंख्या 11 कोटींच्या वर होती. आख्खा कॅनडा आज चार कोटींच्या आसपास आहे. एवढ्या माणसांना एक टेबल!

आपला वेगळा तंबू मागायला काय हरकत आहे? आणि स्टेजवर ढोल-ताशा. एकदा दणका बसला की सगळे वळून बघतील.

मंदार

---

प्रेषक: केतकी
सोमवार, 13 मे, दुपारी 12.05

वेगळा तंबू म्हणजे तीन दिवस, सकाळ ते रात्र, निदान साठ माणसं. गेल्या वर्षी रविवारच्या चार तासांसाठी नऊ जण मिळाले होते. त्यातले दोघे माझ्याच घरातले.

आता खाण्याचं. गेल्या वर्षीची चूक माझी होती, ती इथे लिहूनच टाकते म्हणजे पुन्हा होणार नाही. बारा किलो बटाट्यांचं सारण मी रात्री जागून घरी केलं आणि डबे भरून नेलं. तपासनीस बाई आल्या, झाकण उघडलं, "वास फार छान आहे" म्हणाल्या आणि विचारलं, "कुठे शिजवलंत?" घरच्या ओट्यावर शिजवलेलं तिथे विकता येत नाही. मंजूर झालेल्या स्वयंपाकघरात करायचं, नाहीतर जागेवर. गरम पदार्थ 60 अंशांच्या वर, थंड 4 च्या खाली, मधलं काही नाही. सगळं सारण परत आणलं आणि पुढचे चार दिवस आमच्या बिल्डिंगमध्ये कोणी भाजी केली नाही.

तर यंदा कम्युनिटी लीगच्या (वस्तीच्या रहिवासी संघाच्या) हॉलचं स्वयंपाकघर शनिवारी रात्री भाड्याने घ्यावं. पदार्थ वडापावच. आणि पुरणपोळी सुचवणाऱ्यांनी चारशे पोळ्या कोण लाटणार त्यांची नावंही सोबत पाठवावीत.

केतकी

---

प्रेषक: अविनाश (काका)
सोमवार, 13 मे, रात्री 10.30

मंदार,

तुझं म्हणणं कळतं. मी 1979 साली इथे आलो तेव्हा मलाही असंच वाटायचं. फरक इतकाच की तेव्हा मराठी घरं बोटांवर मोजण्याइतकी होती, त्यामुळे भांडायला कोरम होत नसे.

हा उत्सव कसा सुरू झाला ते नव्या मंडळींना माहीत नसेल. आपल्या अल्बर्टा प्रांताचे पहिले सांस्कृतिक मंत्री होर्स्ट श्मिड, स्वतः जर्मनीहून आलेले. त्यांनी 1974 मध्ये ऑगस्टचा पहिला सोमवार हेरिटेज डे म्हणून जाहीर केला. दोन वर्षांनी 11 समाजांनी पार्कात एकत्र येऊन नाचगाणं आणि खाणं केलं, तो पहिला फेस्टिव्हल. तंबू बहुतेक देशांच्या नावाचे असतात. आपण महाराष्ट्राचा मागितला की गुजरात, केरळ, बंगाल मागणारच. मग आपल्यात विदर्भाचा वेगळा, कारण त्यांना सावजी हवं.

युक्रेनच्या मंडळींकडे मात्र नीट बघ. लाल बूट घालून उड्या मारणारी पोरं आणि पिरोहीची (सारण भरून उकडलेल्या करंज्यांची) रांग सगळ्यांना दिसते. ते लोक 1891 पासून या मुलखात आहेत. पंतप्रधान पिएर त्रुदो यांनी 1971 मध्ये बहुसांस्कृतिक धोरण जाहीर केलं, त्यामागे युक्रेनियन लोकांचा मोठा रेटा होता. आणि तेवढ्यावर ते थांबले नाहीत. 1974 पासून इथल्या सरकारी शाळांत इंग्रजी-युक्रेनियन असे दोन्ही भाषांतले वर्ग सुरू झाले. तंबू तीन दिवसांचा, शाळा वर्षभराची. आपल्या रविवारच्या मराठी शाळेत गेल्या सत्रात किती मुलं होती ते शिल्पाला विचार. मी तिथे बाराखडी शिकवतो म्हणून मला माहीत आहे.

दुसरं, खाण्याबद्दल. इथल्या कुठल्याही उत्सवात ग्रीन ऑनियन केक मिळतो. केक कसला, कांद्याच्या पातीचा लच्छा पराठाच तो. उत्तर चीनमधला पदार्थ. स्यू तो नावाच्या हॉटेलवाल्याने सत्तरच्या दशकाच्या अखेरीस तो इथे विकायला घेतला आणि मग उत्सवांमधून गावभर नेला. आज एडमंटनकर तो आपला समजतात. एक माणूस, एक तवा, एक पदार्थ. त्याच्यापुढे तुझं एक टेबल काही वाईट नाही.

काका

---

प्रेषक: मृणाल
मंगळवार, 14 मे, सकाळी 8.20

वडापाव ठरत असेल तर पावाचं काय? गेल्या दोन दिवाळ्यांना आपण सुपरमार्केटचे डिनर रोल वापरले. बटाटेवडा आत ठेवला की ते रोल ओल्या स्पंजासारखे बसतात आणि टाळूला चिकटतात. लादीपाव इथे मला कुठे सापडलेला नाही.

परवा ऑफिसमधल्या फिलिपिनो मैत्रिणीने तिच्या बेकरीतून पहाटेचे पांदेसाल, म्हणजे त्यांच्याकडचे पाव, आणून दिले. बाहेरून ब्रेडचा बारीक चुरा लावलेला, त्यामुळे हाताला खरखरीत लागतो. आत मऊ, पण दाबला की परत वर येतो. मुठीएवढा. मी घरी सहा वडे तळले, पांदेसाल मधोमध चिरला, एका बाजूला लसणीची सुकी चटणी, दुसरीकडे चिंचेची, आणि नवऱ्याला काही न सांगता दिला. तो म्हणाला, "पाव कुठे मिळाला?"

थोडा गोड आहे. म्हणून चिंचेची चटणी पुढच्या खेपेला काढूनच टाकली, मिरच्या वाढवल्या, आता जमतं. मी म्हापशाची. लहानपणी पहाटे पदेर (पाववाला) सायकलवरून भोंगा वाजवत यायचा, त्याच्या पावाचा वास मला या चुऱ्यात आला. आपला पाव पोर्तुगीजांकडून आला, त्यांचा पांदेसाल स्पॅनिश लोकांकडून. शेजाऱ्यांनी शेजाऱ्यांना दिलेली विरजणं म्हणा ना.

मैत्रीण विचारत होती, "आम्ही पाव दिले तर आमच्या टेबलासाठी थोडे वडे द्याल का?" मी हो म्हणून बसले आहे. समितीने रागवायचं असेल तर मला फोन करा.

मृणाल

---

प्रेषक: नीरज
मंगळवार, 14 मे, दुपारी 1.10

ढोलाबद्दल. मंदार, गेल्या वर्षी पथकात मी होतो, तू टोल वाजवत होतास, त्यामुळे तुला ऐकू आलं नसेल. शेजारच्या तंबूत एक आजी मुलांना गोष्ट सांगत होत्या. आपण सुरू झालो आणि त्यांनी गोष्ट थांबवली. आपण थांबलो की त्या सुरू, आपण पुन्हा वाजवलं की त्या गप्प. असं तीनदा झालं. चौथ्यांदा त्या पुस्तक मिटून मुलांना घेऊन आपल्याकडे बघायला आल्या. मी नंतर जाऊन माफी मागितली. त्या हसल्या, पण मला अजून आठवतं.

यंदा लेझीम करू. मंडळाकडे बावीस आहेत, त्यातल्या चारांच्या चकत्या निघाल्यात, त्या मी बसवून आणतो. पंधरा मिनिटं आपली, शेवटची पाच मिनिटं समोर बसलेल्यांच्या हातात द्यायच्या. चार ठोके कोणालाही शिकवता येतात. नऊवारीत असलेल्यांनी खालचे बूट तरी बदलावेत, मागच्या वेळचे फोटो आठवा.

ढोल गणपतीला. चतुर्थी 7 सप्टेंबरला आहे, हॉल बंदिस्त असतो, हवा तेवढा बडवा.

नीरज

---

प्रेषक: मंदार
मंगळवार, 14 मे, रात्री 9.00

आजींचं मला खरंच माहीत नव्हतं.

ठीक आहे, लेझीम. तळायला मी उभा राहतो, रविवारी अकरा ते तीन. काका, येत्या रविवारी मुलाला बाराखडीला घेऊन येतो. तो कंटाळणार आहे, आधीच सांगून ठेवतो. आणि तंबूचा मुद्दा मी सोडलेला नाही, वार्षिक सभेत काढणार.

मंदार

---

प्रेषक: शिल्पा
बुधवार, 15 मे, सकाळी 6.50

शुक्रवारच्या आधी ठरलं, मंडळाच्या इतिहासात पहिल्यांदाच.

लेझीम नीरजकडे, सराव जूनपासून दर शनिवारी. हॉलचं स्वयंपाकघर केतकीकडे. पाव मृणालकडे, वड्यांच्या देवाणघेवाणीसकट. फूड बँकेसाठी येताना प्रत्येकाने एखादा डबा किंवा डाळीचं पाकीट आणायचं. मागच्या वेळी आपण सगळ्यांनी छोलेच आणले होते, यंदा जरा वेगळं आणा.

अडचण एकच. एका वेळी वीस-पंचवीस वडे तळता येतील अशी कढई कोणाकडे आहे का?

शिल्पा

---

प्रेषक: अविनाश (काका)
बुधवार, 15 मे, सकाळी 7.05

आहे. 1983 मध्ये तुळशीबागेतून आणलेली. विमानात हिने मांडीवर घेतली होती. एक कान सैल आहे, पण तळ जाड आहे. गॅरेजमध्ये बर्फाच्या फावड्यामागे ठेवली आहे. मंदार, रविवारी शाळेनंतर घरी ये. मला आता एकट्याला उचलत नाही.

काका