क्यू म्हणजे रांग, मग ‘क्यू डेप्थ’ म्हणजे रांगेची खोली?

फोंड्याला मुलांना ऑपरेटिंग सिस्टीम शिकवते, यंदा लिनक्सच्या स्टोरेज ड्रायव्हरवरच्या (डिस्कशी बोलणाऱ्या प्रोग्रॅमवरच्या) नोट्स मराठीत लिहायला घेतल्यात. क्यूला रांग लिहिलं, छान वाटलं, मग क्यू डेप्थ आलं आणि एका मुलाने वहीत ‘रांगेची खोली’ लिहून आणलं. खोली म्हटलं की आधी विहीर येते डोळ्यासमोर, नाहीतर भाड्याची खोली. ‘रांगेची लांबी’ चालेल का?

—

ताई, लांबी नको. लांबी म्हणजे आत्ता किती उभे आहेत ते, आणि डेप्थ म्हणजे एका वेळी जास्तीत जास्त किती कमांड डिव्हाइसकडे बाकी असू शकतात ते. साटाच्या एनसीक्यूमध्ये (साटा जोडणीच्या डिस्कचा कमांडचा क्यू) ३२, एनव्हीएमईत (वेगवान एसएसडींची जोडणी) एकेका क्यूला ६५,५३६ पर्यंत जागा, आणि असे क्यू पण ६५,५३५ पर्यंत ठेवता येतात.

खरी अडचण मला ‘रांग’ शब्दातच वाटते. रांग म्हटलं की आपल्याला रायबंदरचा फेरीधक्का आठवतो, चोडणला जाणाऱ्या गाड्या एकामागे एक, मध्ये कोण घुसला की हॉर्न. इथे तसं नाही ना, कमांड रिंगमधून (मेमरीतली गोल फिरणारी यादी) क्रमाने उचलल्या जातात पण पुऱ्या कुठल्याही क्रमाने होतात. रक्ततपासणीच्या लॅबसारखं आहे ते, सॅम्पल रांगेत देतो, पण शुगरचा रिपोर्ट आधी येतो थायरॉइडचा मागाहून, आणि कुणाचा कुठला ते नंबरावरून कळतं. लिनक्समध्ये त्या नंबराला टॅग म्हणतात. म्हणून टॅगला ‘टोकन’ लिहा आणि डेप्थला सरळ ‘टोकनसंख्या’. ब्लॉक-एमक्यूत (डिस्कच्या रिक्वेस्ट अनेक क्यूंतून पाठवणारा लिनक्सचा भाग) ड्रायव्हर क्यू डेप्थ म्हणून जो आकडा भरतो तो खरोखरच टॅग किती ठेवायचे त्याचा असतो, टोकन संपली की पुढची रिक्वेस्ट थांबते, एखादं सुटेपर्यंत.

—

टोकनसंख्या आवडलं. फक्त रांग टाकू नका हो, क्यू एकाचे अनेक का केले ते त्या शब्दाने चटकन समजतं. जुन्या रचनेत एका डिस्कला एक रांग आणि तिला एकच लॉक (एका वेळी एकालाच आत सोडणारं कुलूप), प्रोसेसरचे सगळे कोअर त्या लॉकसाठी खोळंबायचे. २०१४ ला लिनक्सच्या ३.१३ कर्नलमध्ये (सिस्टीमच्या गाभ्यात) ब्लॉक-एमक्यू आलं, मग कोअरगणिक रांगा झाल्या, आणि २०१९ च्या ५.० मध्ये जुनी पद्धत काढूनच टाकली.

—

दोघांचंही पटलं. रिक्वेस्ट जिथे उभ्या राहतात तिथे रांग, हार्डवेअरकडे गेल्यावर टोकन, असं ठेवते. नोट्समधलं वाक्य आता असं केलंय: ‘टोकन मिळाल्याशिवाय रिक्वेस्ट डिस्ककडे जात नाही.’

आणि प्लगिंगला मी ‘बूच लावणे’ लिहिलंय. रिक्वेस्ट थोडा वेळ अडवून धरायच्या, डिस्कवरच्या शेजारशेजारच्या सेक्टरच्या (तुकड्यांच्या) असतील त्या जोडून एक करायच्या आणि मग बूच काढून सगळ्या एकदम सोडायच्या, टाकी धुताना करतो तसंच. हा शब्द मुलांना समजावावाच लागला नाही.