मदत हवी आहे: बंदी घातलेले सिनेमे आणि सोळा वर्षांचा भाचा

मंडळी, परवा भाच्याने मोबाइल माझ्यापुढे धरला. जगभर बंदी आलेल्या सिनेमांची यादी, त्यातल्या चार नावांपुढे बरोबरच्या खुणा. "मामा, तुझे किती झाले?" जणू परीक्षेचे मार्क विचारतोय.

माझा झालाय एक. 'कॅनिबल होलोकॉस्ट', 1980चा, इटालियन. कॉलेजात कुणीतरी "तुला झेपणार नाही" म्हणालं, एवढंच कारण. त्याची ख्याती आधीच कानावर आली होती: नटांना खरोखर मारलं या संशयावरून दिग्दर्शक रुज्जेरो देओदातो कोर्टात अडकला आणि ते जिवंत असल्याचं त्याला दाखवून द्यावं लागलं. वर्षभर कुठे झळकायचं नाही असा करार त्यानेच नटांकडून करून घेतला होता म्हणे! प्रत्यक्षात निम्मा सिनेमा मी जांभया देत बघितला. पण ते कासव! माणसांचं मरण खोटं, कासव मात्र कॅमेऱ्यासमोर खरंच मारलंय. मी मान फिरवली, आवाज येतच राहिला.

आणि तरीही त्याच रात्री 'अनकट' टाइप करून पुढचा शोधायला बसलो. आवडला नव्हता, मग का?

बंदीच जाहिरात करते हे कळतं. ब्रिटनमध्ये ऐंशीच्या दशकात सरकारी वकिलांनी 'व्हिडिओ नॅस्टीज'ची, म्हणजे व्हिडिओ कॅसेटवर मिळणाऱ्या हिंसक, ओंगळ सिनेमांची यादी केली, त्यातली 72 नावं शौकिनांनी पुढे हुडकून हुडकून जमवली. 2011 साली तिथल्याच सेन्सॉर बोर्डाने 'द ह्युमन सेंटिपीड 2' नाकारला आणि का नाकारला ते इतकं तपशीलवार सांगितलं, की दिग्दर्शकाने कथा फोडल्याची तक्रार केली. काही महिन्यांनी अडीचेक मिनिटं कापून तोच सिनेमा पासही झाला.

आता माझी अडचण. "बघू नकोस" म्हणालो तर सेन्सॉर बोर्ड मीच. "बघ" म्हणवत नाही. ताई म्हणते मोबाइल काढून घे, म्हणजे मित्राच्या मोबाइलवर बघेल. कासवाचं सांगावं असं वाटतं, पण त्यानेच उत्सुकता वाढली तर?

घरात या वयाची मुलं असलेल्यांनी काय केलं? शेजारी बसून बघितलं का कुणी? आणि त्या चारातले त्याने खरंच किती बघितलेत, किती नुसत्या रिॲक्शन व्हिडिओंवरून खुणा केल्यात, हे त्याला कमीपणा न वाटता कसं विचारू?