थीम पार्कच्या सहलीसाठी गाडी भाड्याने घ्यावी का?

प्रश्न: आम्ही दोघे, आई आणि ४ व ७ वर्षांची मुले असे पाच जण ५ दिवस थीम पार्कला जाणार आहोत. हॉटेलची बस दर तासाला सुटते. तरीही गाडी हाताशी असावी असे मला वाटते, तर ती दिवसभर नुसती उभी राहील असे पत्नीचे म्हणणे आहे. काय करावे?

उत्तर १: वहिनींचे म्हणणे रास्त आहे. केवळ भाड्याचा आकडा पाहू नका. पार्किंग, इंधन, विमा आणि मुलांच्या सीटचे पैसे त्यात मिळवा. अनामत रक्कम क्रेडिट कार्डावर अडकते ती निराळीच.

उत्तर २: मी असहमत आहे. रात्रीची आतषबाजी संपताच सगळी गर्दी बसकडे वळते. झोपलेले मूल खांद्यावर आणि मिटलेली बाबागाडी बगलेत घेऊन, दोन बस सोडून तिसरीत कसाबसा शिरलेला माणूस हे लिहीत आहे. आईंना इतका वेळ उभे राहणे झेपेल का, हे आधी पाहा.

उत्तर ३: पाचही दिवस गाडी कशाला? पार्कबाहेर भटकण्याचा जो दिवस असेल, तेवढ्यापुरती घ्या. परतीच्या रात्री टॅक्सी करा. गाडी घेतलीच, तर पार्किंगमधील रांगेच्या क्रमांकाचा फोटो काढायला मात्र विसरू नका.