मदत हवी आहे: पेरूतलं आरेकिपा, सोबत शाकाहारी आई

पुढच्या महिन्यात आईला घेऊन आरेकिपाला जातेय. १५४० साली स्पॅनिशांनी वसवलेलं, सिल्यार नावाच्या पांढऱ्या ज्वालामुखी दगडाचं शहर, पाठीशी मिस्ती पर्वत. १५७९ चा सांता कातालिना मठ बघायचाच आहे. आत लाल-निळ्या भिंतींच्या गल्ल्या आणि नन्सच्या खोल्यांना आपापल्या चुली! आईला चुलींचंच जास्त कौतुक.

तिथं फिरायला किती वेळ धरू? आईचे गुडघे दुखतात, दगडी फरसबंदी झेपेल का?

दुसरं, पिकांतेरियात (तिथल्या पारंपरिक खानावळी) काय खायचं? रोकोतो रेयेनो म्हणजे भरली मिरची, पण आत खिमा. चीज-मक्याचं सोल्तेरितो चालेल, पण सलाडवर आईचं पोट भरत नाही हो. कुणी गेलंय का?