जीएनएमनंतर नर्स प्रॅक्टिशनर कसं व्हायचं?

विट्याची_सिस्टर
सांगलीत जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) झालं, सध्या विट्यात एका खासगी दवाखान्याच्या आयसीयूत आहे. रात्री पेशंट बिघडला की काय करायचं ते हाताला माहीत असतं, पण ते का करतोय हे नीट सांगता येत नाही. ते शिकायचंय. एक एजंट म्हणतो, वर्षभराचा क्रिटिकल केअर डिप्लोमा केला की झालीस एनपी, म्हणजे नर्स प्रॅक्टिशनर, जास्त शिकलेली, जास्त जबाबदारीची नर्स. खरंय का?

मिरजेची_ताई
नाही गं. तो पोस्ट बेसिक डिप्लोमा. चांगला आहे, जीएनएमवर करता येतो, पण त्यानं एनपी होत नाही. 'नर्स प्रॅक्टिशनर इन क्रिटिकल केअर' हा भारतीय परिचर्या परिषदेनं 2016 मध्ये आणलेला 2 वर्षांचा पदव्युत्तर कोर्स आहे. त्याला बी.एस्सी. नर्सिंग लागतं, म्हणजे तुला आधी 2 वर्षांचं पोस्ट बेसिक बी.एस्सी. करावं लागेल. शिवाय किमान 1 वर्षाचा क्लिनिकल अनुभव, आयसीयूतला असला तर उत्तम.

शिक्षण रेसिडेन्सी पद्धतीचं, वर्गात कमी आणि बेडपाशी जास्त. एबीजी (धमनीतल्या रक्ताची तपासणी) बघून व्हेंटिलेटरची सेटिंग का बदलायची, बीपीप्रमाणे नॉरॲड (बीपी वाढवणारं औषध) कसं वाढवायचं-उतरवायचं, हे रोजचं काम. तुझा 'का' तिथंच सुटेल. मात्र औषधं स्वतःच्या मनानं लिहिता येत नाहीत, संस्थेच्या प्रोटोकॉलमध्ये राहूनच. आणि बऱ्याच ठिकाणी एनपीचं वेगळं पदच नाही, स्टाफ नर्सच्याच जागेवर घेतात. एवढं शिकलेल्या मुलींचं हे बघून माझा जीव तुटतो. तरी शीक.

खटाव_सीएचओ
गावात काम करायचं असेल तर बी.एस्सी.नंतर सीएचओचा (उपकेंद्रावरचा समुदाय आरोग्य अधिकारी) रस्ताही बघा ताई. मी 6 महिन्यांचं सामुदायिक आरोग्याचं प्रशिक्षण घेऊन उपकेंद्रावर आहे. बीपी-शुगरचे पेशंट आधी माझ्याकडंच येतात. बाळंतपणाची आवड असेल तर मिडवाइफरीतला एनपी कोर्स 18 महिन्यांचा आहे.

विट्याची_सिस्टर
आणि अमेरिकेला गेलं तर?

मिरजेची_ताई
एनक्लेक्स (तिथली नर्सिंग परवान्याची परीक्षा) पास झालीस की तिथं आरएन, म्हणजे नोंदणीकृत नर्स होशील. एनपीसाठी पुढं मास्टर्स किंवा डॉक्टरेट आणि वर राष्ट्रीय प्रमाणपत्र परीक्षा. आत्ता एक कर, दवाखान्याकडून अनुभवाचा दाखला घेताना त्यात 'आयसीयू' आणि तारखा लिहून घे. नुसतं 'स्टाफ नर्स' लिहून देतील, तसा घेऊ नकोस. आणि कॉलेज परिषदेच्या मान्यताप्राप्त यादीत आहे का ते स्वतः बघ, एजंटच्या कागदावर जाऊ नकोस.