सिलिंडरवर बर्फ धरतो, ज्योत बसते. गळती आहे का?

भट्टीघर: एका एलपीजी सिलिंडरवर दोन मोठे बर्नर चालतात. तासाभरात सिलिंडर खालून पांढरा होतो आणि ज्योत बसते. काट्यावर ठेवलं तर निम्मा गॅस शिल्लक! मुलं मग सिलिंडर आडवा करतात, नाहीतर गरम पाण्याच्या घमेल्यात ठेवतात. जादाचे भरलेले सिलिंडर तळघरात ठेवायचा विचार आहे. चालेल?

नोझल: ही गळती नाही, ओढ जास्त आहे. आतला द्रव उकळून वायू होतो तेव्हा उष्णता पत्र्यातून घेतो. पातळी उतरली की द्रवाला टेकलेला पत्रा कमी होतो, म्हणून निम्म्यावर आल्यावरच रड सुरू. शिवाय एलपीजीच्या मिश्रणातला प्रोपेन (उत्कलनबिंदू उणे ४२ अंश) आधी निघून जातो. मागे उरतो तो मुख्यतः ब्यूटेन, तो शून्याच्या जरा खालीच उकळतो. पत्रा गोठला की दाब येणार कुठून?

उपाय एकच, मॅनिफोल्ड, म्हणजे अनेक सिलिंडर एकत्र जोडणारी नळी. दोन्ही बर्नरचा ताशी किलोंचा खप बेरजेत घ्या. एक सिलिंडर सलग ताशी किती देऊ शकतो ते पुरवठादाराला विचारून भागाकार करा. तेवढे सिलिंडर एकाच वेळी उघडे हवेत, एकामागून एक नव्हे. प्रत्येक पिगटेलला (सिलिंडर मॅनिफोल्डला जोडणारी छोटी नळी) नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह, म्हणजे गॅस उलटा जाऊ न देणारी झडप, हवाच.

लाल_झडप: आडवा करणं आजच बंद करा. व्हॉल्व्हपाशी वायूऐवजी द्रव येतो, आणि एक लिटर द्रवाचे साधारण अडीचशे लिटर वायू होतात. रेग्युलेटरमधून द्रव पुढे गेला तर बर्नरची ज्योत भडकून अंगावर येते. सेफ्टी व्हॉल्व्हसुद्धा द्रवात बुडतो, सुटला तर द्रवच फेकतो. घमेल्याचंही तेच: पाणी किती गरम, हे कोणी मोजत नाही आणि दाब झपाट्याने चढतो.

तळघर? अजिबात नाही. वायू हवेच्या दीड ते दोन पट जड, खाली साचतो. हवेत जेमतेम दोन टक्के झाला की दिव्याच्या बटणाची ठिणगीही पुरते. सिलिंडर जमिनीच्या पातळीवर, उभे, टोपणासकट, जाळीदार उघड्या जागेत ठेवा. जवळ गटार, चेंबर किंवा खड्डा नको. ऑक्सिजनचे सिलिंडर सहा मीटर लांब, नाहीतर मधे पक्की भिंत. रिकामे वेगळे ठेवा, पण व्हॉल्व्ह बंद करून. त्यांत वायू उरतोच.

भट्टीघर: समजलं. आडवा करणं आजपासून बंद. जोड नुसते वासावर तपासले तर चालतं ना?

नोझल: नाक थोड्या वेळात मरतं, त्यावर विसंबू नका. सिलिंडर बदलला की प्रत्येक जोडावर साबणाचं पाणी लावा आणि मिनिटभर बघत राहा. बारीक गळतीचा फुगा हळू येतो. फुगा आला तर पान्याने जोर लावण्याआधी व्हॉल्व्ह बंद करा आणि वॉशर बघा. टेफलॉन टेप गुंडाळू नका, सील तिथे आट्यांवर होत नाही. बरेच आटे उलटे (डावीकडे फिरवून आवळायचे) असतात, हे नव्या मुलाला आधी दाखवा. गॅस डिटेक्टर फरशीपासून फूटभर उंचीवर लावा, छताला लावून उपयोग नाही.