नारळीकर सर : तुमच्या आठवणी लिहा

20 मे 2025 च्या पहाटे पुण्यात झोपेतच खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर सर गेले. पुरस्कारांची यादी सगळीकडे छापून आली आहे, ती इथे नको. तुमची सरांशी गाठ कशी पडली ते लिहा. पाच मिनिटांची असली तरी चालेल.

माझ्यापासून सुरुवात. आठवीत असताना शाळेने आम्हाला आयुकात, म्हणजे पुण्यातल्या खगोलशास्त्राच्या संशोधन संस्थेत, दुसऱ्या शनिवारच्या व्याख्यानाला नेलं होतं. संपल्यावर वह्या घेऊन सगळे सरांकडे धावलो. पण सर वहीत सही देत नसत. पोस्टकार्डावर प्रश्न लिहून पाठवा, उत्तराखाली सही मिळेल, हा त्यांचा नेम. मी हिरमुसले. प्रश्न आणू कुठून? दोन आठवडे रोज गच्चीत जाऊन आकाशाकडे बघत बसायचे. उत्तराचं कार्ड आलं, ते इतक्या जणांना दाखवलं की त्याच्या कडा मऊ पडल्या. पण ते दोन आठवडे मला कार्डाइतकेच जपून ठेवावेसे वाटतात.

सोलापूरहून
मी सरांना कधी पाहिलं नाही. शाळेत विज्ञान शिकवते. मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेला त्यांनी 'नारायण विनायक जगताप' या नावाने गोष्ट पाठवली होती. आद्याक्षरं उलटी वाचा : ज. वि. ना., जयंत विष्णू नारळीकर! स्वतःचं नाव बघून कोणी झुकतं माप देऊ नये म्हणून. पहिलं बक्षीस मिळालं. दरवर्षी वर्गात हे सांगते.

एक संशोधक
विश्वाची सुरुवात महास्फोटातून झाली, या सिद्धांताच्या सर शेवटपर्यंत विरोधात; मी मात्र महास्फोटाच्या बाजूचा. आयुका त्यांनी 1988 मध्ये उभी केली, पण तिथे त्यांच्या मताविरुद्ध काम करणाऱ्यांना कधी अडचण आली नाही. विरोधी मत पुराव्यानिशी मांडायचं, हे मी तिथे शिकलो.

नगरहून
मी कार्ड लिहिलं होतं, पण हस्ताक्षराची लाज वाटली आणि पेटीत टाकलंच नाही. आज काढून पाहिलं. प्रश्न होता : इतके तारे आहेत, तर रात्र काळी का?

संशोधक
ताई, फार मोठा प्रश्न आहे हा. ओल्बर्सचा विरोधाभास म्हणतात त्याला. विश्वाला सुरुवातच नाही असं मानणाऱ्या सरांच्या सिद्धांतात याचं उत्तर असं, की विश्व प्रसरण पावतंय म्हणून दूरचा प्रकाश क्षीण होत जातो. मी म्हणेन, विश्वाचं वयच मर्यादित आहे, सगळा उजेड अजून पोचलेला नाही. दोन्ही उत्तरं नीट लिहून पाठवतो, पोस्टकार्डावरच.